क्राउड, मॉब आणि प्रोसेशन

इंग्रजी शिकणारा विद्यार्थी कोशांत ‘क्राउड’ पाहतो, तेथें अर्थ जमाव. ‘मॉब’ पाहतो, पुन्हा जमाव. आणि दोन्ही शब्द एकच समजून पुढें जातो. ही चूक लहान नाहीं.

क्राउड म्हणजे नुसती दाटी. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबारच्या फलाटावर ती दिसते. तिला हेतु लागत नाहीं, दोषहि लागत नाहीं. मॉबचें तसें नाहीं. ‘चंचल लोकसमूह’ या अर्थाच्या लॅटिन पदांचें तें सतराव्या शतकांतील तुटकें रूप. त्यांत तिरस्कार मुरलेला आहे. बोलणारा स्वतःला त्या समूहांत सहसा धरीत नाहीं! प्रोसेशनचें मूळ मात्र ‘पुढें चालणें’. त्याला क्रम आहे, दिशा आहे.

आतां ता. ९ सप्टेंबर १९४२ आठवा. नंदुरबारांत मुलें तिरंगा घेऊन निघालीं. पोलिसांच्या गोळीबारांत पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती धारातीर्थीं पडले. रस्त्याकडेला कोणी पाहत उभे असतील, तर तो क्राउड. गोळी झाडणाऱ्याला मॉब हाच शब्द सोयीचा. तो लिहिला कीं पुढील वाक्यांतला गोळीबार आपोआप क्षम्य वाटूं लागतो. कोणी विद्यार्थी त्या दिवसाची हकीगत इंग्रजींत लिहूं लागला, तर पहिल्याच वाक्यांत त्यानें प्रोसेशन लिहावें.