इंग्रजी शब्दाला घाबरायचं नाही, त्याला उलटा प्रश्न विचारायचा

(वाडीवाडीच्या बैठकांत आम्ही तरुण पोरापोरींनी जे बोललो ते इथे लिहून काढलं आहे. ज्याला वाचता येतं त्याने चार जणांना बसवून मोठ्याने वाचावं.)



जमिनीबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात शब्दांपासून करतो. डोंगराच्या उतारावर नाचणी-वरी आपण पिकवतो, पण ती जमीन कोणाची हे कागदावर ठरतं. आणि त्या कागदात मधेच एखादा इंग्रजी शब्द बसलेला असतो. साहेब तो भराभर बोलून जातो. आपण मान हलवून घरी येतो. घरचे विचारतात, काय म्हणाला? आपण सांगतो, कायतरी रिजेक्ट म्हणाला. एवढ्यावर तीन पिढ्यांची जमीन जाऊ शकते.

आमच्यातले काहीजण बारावी झाले. शाळेत आम्ही शब्दाचा अर्थ डिक्शनरीत बघायला शिकलो. पण कायद्याच्या शब्दाचा अर्थ डिक्शनरीत पुरा सापडत नाही, तो कायद्यातच बघावा लागतो. 2006 चा वनहक्क कायदा घ्या. त्याच्या कलम 2 मध्ये महत्त्वाच्या शब्दांच्या व्याख्याच दिल्या आहेत. कायदा मराठीतही मिळतो. आता एकेक शब्द घेऊ.

पहिला शब्द, एन्क्रोचमेंट. म्हणजे अतिक्रमण, दुसऱ्याच्या जागेत घुसणं. हा शब्द आपल्याला इतक्या वेळा ऐकवला की आपलीच म्हातारी माणसं म्हणतात, "आमचं अतिक्रमण हाय." असं बोलू नका. आपला शब्द आहे वहिवाट.

दुसरा शब्द, रेकग्निशन. कायद्याच्या नावातच आहे, वन हक्कांची मान्यता. रेकग्नाइज करणं म्हणजे ओळखणं. बाजारात आपण ओळखतो कोणाला? जो आधीपासून आहे त्याला. म्हणजे सरकार आपल्याला नवी जमीन दान देत नाही. हक्क आधीचाच आहे, तो सरकारने ओळखायचा आहे. इंग्रजांच्या काळात आणि नंतरही जंगल सरकारजमा करताना हे हक्क नीट नोंदवले नाहीत, तो ऐतिहासिक अन्याय झाला, असं कायद्याच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे. म्हणून ऑफिसात "साहेब, जमीन द्या" म्हणायचं नाही. "आमचा हक्क मान्य करा" म्हणायचं.

तिसरा शब्द, ऑक्युपेशन. शाळेच्या फॉर्मवर हा शब्द असतो तिथे आपण बापाचा धंदा लिहितो, मजुरी. वनहक्क कायद्यात त्याच शब्दाचा अर्थ ताबा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जी वनजमीन आपण स्वतः कसतो किंवा जिथे राहतो, ती. जेवढी प्रत्यक्ष ताब्यात तेवढीच, आणि जास्तीत जास्त 4 हेक्टर, म्हणजे दहा एकराला थोडी कमी. एकच शब्द जागा बदलली की अर्थ बदलतो, हे ध्यानात ठेवा.

चौथा शब्द, एव्हिडन्स. म्हणजे पुरावा. पुरावा म्हटलं की आपल्याला वाटतं दंडाची पावती पाहिजे. ती असेल तर चांगलंच. पण नियम 13 मध्ये जमिनीवरच्या खुणाही पुरावा धरल्या आहेत. घर, झोपडी, बांध, हे सगळं बोलतं. वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो, फक्त तो दावा करणाराचा स्वतःचा नको. असे दोन तरी पुरावे जोडायचे. उपग्रहाचा फोटो जोडीला असू शकतो, पण बाकीचे पुरावे बाजूला सारून नुसत्या फोटोवर भागत नाही.

पाचवा शब्द, शेड्यूल्ड. आपला रत्नागिरी जिल्हा शेड्यूल्ड एरियात येत नाही. म्हणून पेसा कायदा इथे लागू नाही. कोणी त्यावरून म्हणेल की तुम्हाला वनहक्कही नाही. तिथे थांबवायचं. एरिया म्हणजे भाग, ट्राइब म्हणजे जमात. कातकरी ही शेड्यूल्ड ट्राइब आहे, आणि वनहक्क कायदा शेड्यूल्ड एरियाच्या बाहेरही चालतो.

सहावा शब्द, प्रायव्हेट फॉरेस्ट. याने कोकणात लई घोटाळा होतो. नाव खाजगी, म्हणून आपण समजतो मालक खोत. पण 1975 च्या कायद्याने अशी बरीच खाजगी वनं 30 ऑगस्ट 1975 पासून सरकारची झाली. नाव मात्र जुनंच तोंडात राहिलं. तेव्हा नावावर जाऊ नका, सातबारा काढा आणि मालक कोण ते वाचून घ्या. जमीन खरोखरच खाजगी असेल तर वनहक्काचा दावा चालणार नाही, दुसरा रस्ता शोधावा लागेल.

शेवटचा आणि सगळ्यात भारी शब्द, रिजेक्टेड. म्हणजे नामंजूर. पण नामंजूर म्हणजे खेळ खलास नव्हे. ग्रामसभेने नाकारलं तर प्रांताच्या उपविभागीय समितीकडे, तिथे नाकारलं तर कलेक्टरच्या जिल्हा समितीकडे अर्ज करता येतो. मुदत 60 दिवस, समितीला वाटलं तर आणखी 30. निर्णय आपल्याला समक्ष कळवायचा आहे, आणि समितीने नाकारताना कारण सविस्तर लिहायचं आहे. पडताळणी पुरी होईपर्यंत जमिनीवरून हटवता येत नाही, कलम 4, पोटकलम 5.

या एका शब्दाची ताकद 2019 ला दिसली. 13 फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने नामंजूर दाव्यांच्या लोकांना हटवण्याचा आदेश दिला. देशभर आदिवासी उठले. 28 फेब्रुवारीला कोर्टाने तो आदेश थांबवला आणि राज्यांना विचारलं, दावे कोणत्या रीतीने नाकारले ते सांगा. म्हणजे नाकारण्यालाही रीत लागते.

पण आपली अडचण आपल्यालाच ठाऊक. दिवाळीनंतर अख्खी वाडी वीटभट्टीला, कोळशाच्या भट्टीला जाते. कागद आला तर घेणार कोण? मागे राहिलेल्या म्हातारीच्या हाती पडला तर तो चुलीजवळच्या डब्यात जातो आणि दिवस निघून जातात. म्हणून निघण्याआधी ठरवा, वाडीत कागद कोण घेणार आणि भट्टीवर फोन कोण करणार. कागद हातात पडला ती तारीख त्याच्यावरच लिहा.

कागद कळला नाही तर चार प्रश्न विचारा. हा कोणी लिहिला? कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली? आमच्याबद्दल काय ठरवलं? आम्ही किती दिवसांत काय करायचं? उत्तर मिळाल्याशिवाय अंगठा नाही, सही नाही.

आणि प्रत्येक वाडीत एक वही करा. नवा शब्द ऐकला की लिहायचा, शेजारी अर्थ आपल्या बोलीत. ती वही बाईच्या हाती द्या, कारण जमिनीच्या हक्कपत्रावर नवरा-बायको दोघांचं नाव लागतं. त्या नावामागचा प्रत्येक शब्द तिलाही कळला पाहिजे.

जल, जंगल, जमीन आमची!