सत्तर पानांचा हिशेब

आम्ही बचत गटाच्या बाया पुन्हा तुमच्याशी बोलायला आलो आहोत. हातातलं काम चालू ठेवूनच ऐका.

आमच्यातल्या एकीच्या घरी घडलं ते आधी सांगतो. तिच्या सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या. दरवर्षी पहाटेच मोहफुलं वेचायला निघणाऱ्या. दोन वर्षांमागं सुनेनं मायेनंच म्हटलं, "आता कायले जाता जी? बसा ना घरी आरामात." वाघाची भीतीही होती, आणि ती काही खोटी नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत मोह वेचताना बायांचे जीव गेले, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सासूबाई बसल्या. मग तेंदूचे पुडके बांधायचं कामही सुनेनं काढून घेतलं. पावसाळा सरेपर्यंत त्या गप्प गप्प झाल्या. एकच गोष्ट चारदा विचारायच्या, वार चुकायच्या. एका दवाखान्यात दाखवलं तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं, "वय झालं, असंच होणार."

आम्हाला ते पटलं नाही. दुसरीकडे नेलं. तिथं नीट तपासलं तेव्हा कळलं की एका कानानं जवळजवळ ऐकूच येत नव्हतं, डोळ्यात मोतीबिंदू होता आणि बीपी वाढलेला. जे धड ऐकूच आलं नाही, ते लक्षात कसं राहणार?

२०२३ मध्ये आपल्या देशातल्या म्हाताऱ्या माणसांची एक मोठी पाहणी छापून आली. साठीच्या पुढच्या शंभरांत सातांहून थोड्या जास्त जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज त्यात आहे. पुरुषांपेक्षा बायांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे आपल्याच घरची गोष्ट. २०२४ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराला हातभार लावणारी, पण आटोक्यात आणता येणारी चौदा कारणं मांडली. ऐकू कमी येणं, न सुधारलेली नजर, बीपी, साखर, धूम्रपान, दारू, डोक्याला मार, धुराची हवा, उदासी, एकटेपण आणि लहानपणी शाळा न मिळणं ही त्यातलीच. ती सांभाळली म्हणजे आजार होणारच नाही असं नव्हे. पण कान, डोळे, बीपी नि साखर तपासायला काय हरकत आहे?

शाळा न मिळणं वाचून आम्ही जरा खट्टू झालो. आमच्या आयांना कुठली शाळा? मग ठाणे जिल्ह्यातलं फांगणे आठवलं. मुरबाड तालुक्यातल्या त्या गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बाया गुलाबी लुगडी नेसून, पाटी घेऊन बाराखडी गिरवायला बसल्या. उशिरा का होईना.

पण पाटीच लागते असंही नाही. तेंदूच्या एका पुडक्यात सत्तर पानं. आपल्या म्हाताऱ्या बोलता बोलता, नुसत्या बोटांनी ती मोजतात. कोणतं पान फाटकं, कोणतं जून, हे हाताला कळतं. कोणती सात्या खायची आणि कोणती विषारी, वास्ते कधी काढायचे, तरोटा कोवळा कधी मिळतो, हे सगळं डोक्यात. मोबाईलवरचे खेळ खेळावेत, आमची ना नाही. पण चूक झाली तर घर आजारी पडेल असा निर्णय त्या खेळात कुठं असतो?

आणि ही आठवण किती मोलाची! वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. पाणवठा कुठं, ढोरं कुठं चरत, देवाची जागा कोणती, हे कागदावर नसलं तरी त्यांना ठाऊक असतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तसे दावे करायचे तर आधी म्हाताऱ्यांना विचारावंच लागतं. आपल्या घरात मात्र "तुले काय समजते" म्हणून आपणच त्यांचं तोंड बंद करतो.

एक सावधगिरी सांगतो. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वेगळं, रोजच्या पायवाटेवर घर न सापडणं वेगळं. असं होऊ लागलं तर डॉक्टरांकडं न्या. थायरॉईड, बी-१२ कमी पडणं, यानंही विसर पडतो आणि त्यावर औषध आहे. माणूस एक-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं बोलू लागलं, तर त्याच दिवशी न्या. मांत्रिकाकडं वेळ घालवू नका.

बाकी आमच्या गटानं ठरवलंय ते साधं आहे. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर पाहून आलं की सकाळी आजीनं नातवंडांना त्याची गोष्ट सांगायची. आठवडी बाजाराचा हिशेब तिनंच तोंडी करायचा, मग सुनेनं मोबाईलवर ताडून पाहायचा. दोनदा मोबाईलवाली चुकली, हे इथं सांगू नका म्हणाली होती.

आणि त्या सासूबाई? डोळ्याचं ऑपरेशन झालं, बीपीची गोळी सुरू आहे, कानाचं यंत्र मात्र त्या कधी लावतात, कधी डब्यात ठेवतात. वार अजून अधूनमधून चुकतात. जंगलात जात नाहीत. यंदा सून पानं तोडून आणायची आणि अंगणात त्यांच्यापुढं ओतायची. एका संध्याकाळी फळीवर न्यायच्या आधी त्यांनी सुनेनं बांधलेला एक पुडका नुसता हातात घेतला आणि परत टाकला.

"एक पान कमी हाय."

सुनेनं सोडून मोजलं. एकोणसत्तर होती.