‘ओके’ : एका होकाराची कुळकथा



गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्या आईने सांगलीहून माझ्या मुलाला दूरध्वनीवर विचारले, “दिवाळीला येणार ना रे?” तो म्हणाला, “ओके.” पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, “म्हणजे येणार की नाही?” आम्ही हसलो खरे, पण तो प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला.

या शब्दाचा जन्म थट्टेतला. बोस्टनच्या वृत्तपत्रांत त्या काळी शब्द मुद्दाम अशुद्ध लिहून त्यांची आद्याक्षरे छापण्याची टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’ म्हणजे ‘सारे बरोबर’. त्यातला ‘ऑल’ ओ-ने आणि ‘करेक्ट’ के-ने लिहून झालेले ‘ओ. के.’ २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये झळकले. ‘सारे शुद्ध’ असे सांगणारा शब्द अशुद्धलेखनातून निपजावा, ही गंमतच! अशी इतर आद्याक्षरे काळाच्या उदरात गडप झाली. हे तगले, कारण १८४० च्या निवडणुकीत अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांच्या समर्थकांनी त्यांच्या गावावरून पडलेल्या ‘ओल्ड किंडरहूक’ या नावासाठी हीच अक्षरे उचलली. व्हॅन ब्यूरेन हरले. ओके मात्र निवडून आले. हा सारा छडा कोलंबिया विद्यापीठाचे ॲलन वॉकर रीड यांनी १९६३-६४ मध्ये लावला.

तेव्हा मुळात हा कागदावरचा शेरा : तपासले, चूक नाही. शेरा मारणाऱ्याची इच्छा त्यात येतच नाही. म्हणून प्रकृतीही ओके, हिशेबही ओके आणि आमंत्रणही ओके. कचेरीत मीही तो दिवसातून दहादा वापरतो आणि तिथे तो पुरतो.

आपल्या होकाराला मात्र पायऱ्या आहेत. ‘हो’ म्हणणारा स्वतःला बांधून घेतो. ‘बरं’मध्ये दुसऱ्याचे ऐकणे आहे, ‘चालेल’मध्ये थोडी तडजोड. ‘हरकत नाही’ म्हणताना मन कित्येकदा बाजूलाच उभे असते; आणि ‘बघू’चा अर्थ लग्ने जमवणाऱ्यांना मी काय सांगावा! ‘ठीक आहे’ कोणत्या सुरात आले, यावर तर घरातले हवामान कळते. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी या साऱ्यांच्या जागी एकच शिक्का बसू लागला आहे, आणि गावाकडे वाट पाहणाऱ्या माणसाला त्यातून काहीच उमगत नाही.

त्या दिवशी मुलाने थोडे थांबून सांगितले, “हो आजी, येतोय. धनत्रयोदशीला पोचतो.”

तेव्हा कुठे पलीकडून आवाज आला, “बरं.”