डोळ्यांत पाणी, तरीही डोळा कोरडा

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर यांविषयी आपण शिबिरांतून पुष्कळ ऐकले आहे. म्हणून आज मी वेगळा विषय घेतो आहे. विषय आहे डोळ्यांचा कोरडेपणा आणि डॉक्टर तो कसा तपासतात. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त आपली मुले सलग अठरा तास अभ्यासाला बसतात. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु दुसऱ्या दिवशी त्यांतली काही मुले लाल डोळे चोळत दवाखान्यात येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, डोळ्यांतून सारखे पाणी येते." मी म्हणतो, "तुझे डोळे कोरडे असावेत." ती हसतात. पाणी येते, मग कोरडे कसे?

त्याचे उत्तर असे. बुबुळावर अश्रूंचा एक पातळ थर सतत पसरलेला असतो. त्यात पाणी असते, त्यावर पापण्यांच्या ग्रंथींतून येणारे तेल असते आणि पाणी डोळ्याला धरून ठेवणारे चिकट द्रव्य असते. पाणी कमी पडले किंवा तेल कमी होऊन पाणी लवकर उडून गेले, की बुबुळ उघडे पडते व टोचू लागते. टोचले की अश्रुग्रंथी घाईने पाणी सोडते. ते पाणी डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळते. वाचताना किंवा मोबाईल पाहताना आपण पापण्या फार कमी मिटतो, म्हणून अभ्यासाच्या दिवसांत हा त्रास वाढतो.

आता मी माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात मोलमजुरी करणारी एक भगिनी माझ्याकडे आली. डोळे लाल, खाज, पाणी. बाहेर मोठी रांग होती. मी घाईत ॲलर्जी समजून दोन आठवड्यांसाठी स्टिरॉइडचे थेंब लिहून दिले. तिला बरे वाटले. मग तीच चिठ्ठी दाखवून ती औषधाच्या दुकानातून वर्षभराहून अधिक काळ तेच थेंब घेत राहिली. ती परत आली तेव्हा डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू झाला होता आणि एका डोळ्याची नजर बरीच गेली होती. ती नजर परत आणता आली नाही. मूळ दुखणे होते कोरडेपणाचे. त्या दिवशी मी तिला आणखी चार प्रश्न विचारले असते आणि कागदाची एक पट्टी लावली असती, तर ते तेव्हाच कळले असते.

म्हणून पहिली तपासणी म्हणजे प्रश्न विचारणे. धम्मपदाच्या अट्ठकथेतील पहिलीच कथा चक्खुपाल थेरांची आहे. वर्षावासाचे तीन महिने आडवे व्हायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. डोळे दुखू लागले तेव्हा वैद्याने औषध दिले. ते पडून घ्यायचे होते, पण थेरांनी बसूनच घेतले. गुण येईना. वैद्याने विचारले, तर थेर गप्प राहिले. तेव्हा वैद्य त्यांचे राहण्याचे ठिकाण पाहायला गेला. तिथे चालायची व बसायची जागा होती, निजायची नव्हती. वैद्याला सारे उमगले. शेवटी थेरांची दृष्टी गेली. त्यांच्या निश्चयाला आपण वंदन करू. पण रोग्याने मौन धरले तर वैद्य आंधळा होतो, हेही ध्यानात ठेवू.

डॉक्टर विचारतील : जळजळ किती दिवसांची? सकाळी जास्त की संध्याकाळी? तोंडही कोरडे पडते का? सांधे दुखतात का? मधुमेह, थायरॉइड आहे का? सर्दीच्या, मुरुमांच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत का? घरात चुलीचा वा विडीचा धूर असतो का? यासाठी बारा प्रश्नांची एक ठरलेली प्रश्नावलीही आहे. तिचे गुण शंभरपैकी मोजतात. १३ किंवा अधिक गुण आले तर पुढची तपासणी करतात.

मग स्लिट लॅम्प नावाच्या सूक्ष्मदर्शकासमोर बसवतात. खालच्या पापणीच्या काठावर अश्रूंची बारीक रेघ साचलेली असते. ती फार बारीक दिसली तर पाणी कमी, असा अंदाज येतो. पापणीच्या काठावरील तेलाच्या ग्रंथी हलकेच दाबून पाहतात. चांगले तेल पातळ व स्वच्छ येते. बिघडलेले टूथपेस्टसारखे घट्ट येते किंवा येतच नाही.

त्यानंतर फ्लुरोसीन या केशरी-पिवळ्या रंगाची पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवतात. निळ्या प्रकाशात अश्रूंचा थर हिरवा चमकतो. एकदा पापणी मिटून डोळा उघडा ठेवायला सांगतात आणि सेकंद मोजतात. हिरव्या थरात पहिला काळा ठिपका दिसला, म्हणजे थर तिथे फाटला. हे दहा सेकंदांच्या आत झाले तर थर टिकाऊ नाही. एकदा मोजून भागत नाही, दोन-तीनदा मोजून सरासरी काढतात. याच रंगाने बुबुळावरील ओरखडेही दिसतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागासाठी लिसामीन ग्रीन हा हिरवा रंग वापरतात.

शेवटी शर्मर यांची पट्टी. ऑटो शर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी ही तपासणी १९०३ मध्ये मांडली. टिपकागदाची ५ मिलिमीटर रुंद व ३५ मिलिमीटर लांब पट्टी टोकाशी दुमडून खालच्या पापणीत बाहेरच्या बाजूला अडकवतात. पाच मिनिटांनी ती किती भिजली ते मोजतात. १० मिलिमीटरहून जास्त भिजली तर साधारणपणे पाणी पुरेसे. ५ किंवा त्याहून कमी असेल तर पाण्याची टंचाई नक्कीच संभवते. पट्टी थोडी टोचते, पण इजा करीत नाही. ती शेवटी लावतात, कारण आधी लावली तर डोळा चिडतो आणि बाकीच्या तपासण्या चुकतात.

मित्रांनो, एकट्या पट्टीवर निदान होत नाही. तेल कमी असलेल्या रोग्याची पट्टी चांगली भिजते, तरी डोळा कोरडाच असतो. २०१७ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी दिलेल्या अहवालाचे सूत्र असे : रोग्याला त्रास हवा आणि तपासणीत पुरावाही हवा. अश्रूंचा खारेपणा मोजणारी यंत्रेही आता आहेत. परंतु बहुतेकांचे निदान स्लिट लॅम्प, रंगाची पट्टी, टिपकागद आणि घड्याळ यांवर होते. यंत्र नाही म्हणून कोणी निराश होऊ नये.

काही वेळा कोरडा डोळा हा मोठ्या आजाराचा निरोप असतो. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञांनी १९३३ च्या प्रबंधात कोरडे डोळे, कोरडे तोंड व सांधेदुखी यांचा संबंध दाखवला. हा आजार मुख्यतः मध्यमवयीन स्त्रियांना होतो. त्यासाठी रक्ताची तपासणी लागते. लहान मुलाला संध्याकाळी दिसेनासे झाले, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसला, तर ती अ जीवनसत्त्वाची कमतरता समजावी. तिथे उशीर म्हणजे अंधत्व. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे डोस सरकारी केंद्रात मिळतात, ते चुकवू नका. घरात शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पपई असू द्या.

आता एवढेच लक्षात ठेवा. तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या सोबत न्या. काजळ घालू नका. त्या दिवशी तपासणीआधी थेंब टाकू नका; काचबिंदूचे औषध मात्र विचारल्याशिवाय बंद करू नका. जुन्या चिठ्ठीवर थेंब आणू नका. डोळा फार दुखला, उजेड सोसेना, नजर मंदावली किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तथागतांना महाभिषक म्हटले जाते. त्यांनी आधी दुःख सांगितले, मग दुःखाचे कारण, मग निरोध आणि मग मार्ग. कारण शोधल्याशिवाय त्यांनी उपाय सांगितला नाही. त्या भगिनीच्या बाबतीत मी हा क्रम मोडला आणि किंमत तिने मोजली. तेव्हापासून शिबिराची रांग कितीही मोठी असो, लाल डोळ्याच्या प्रत्येक रोग्याला मी तोंड कोरडे पडते का, हे विचारतो.

बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने ग्रासले होते, दृष्टी अधू झाली होती. तरीही त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुरा केला. तो १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही अठरा तास अवश्य वाचा. पण दर थोड्या वेळाने पुस्तकावरून नजर उचला, दूर पाहा, पापण्या पूर्ण मिटा. ते वाचन आयुष्यभर चालायचे आहे.