पतसंस्थेचा व्यवस्थापक कोणाला जबाबदार?
(भाषणाचा मजकूर)



पतसंस्था उभारणाऱ्या आणि चालविणाऱ्या व्यवस्थापकांचे प्रशिक्षण हा विषय वरवर पाहता निव्वळ तांत्रिक वाटतो. खतावणी, ताळेबंद, कर्जरोखे, वसुली यांचा श्रमिकांच्या लढ्याशी काय संबंध, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर जयपूर शहरात मिळते.

जयपूरच्या झालाना भागात राजस्थानची सहकार शिक्षण व व्यवस्थापन संस्था आहे. सहकारी संस्थांच्या कर्मचाऱ्यांना तेथे कायदा व हिशेब शिकविले जातात. त्याच जयपूरमध्ये पोलिसांच्या विशेष पथकाने डिसेंबर २०१८ मध्ये आदर्श क्रेडिट को-ऑपरेटिव्ह सोसायटीच्या व्यवहारांबाबत गुन्हा नोंदविला. १९९९ साली सिरोहीत सुरू झालेली ही संस्था पुढे बहुराज्यीय झाली. लक्षावधी लोकांनी आपली बचत तिच्या हवाली केली. सभासदांच्या ठेवी संस्थापकांच्या कुटुंबीयांशी व सहकाऱ्यांशी संबंधित कंपन्यांना कर्जरूपाने दिल्या गेल्या, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. २०१८ च्या अखेरीस केंद्रीय निबंधकांनी संस्था अवसायनात काढली. महाराष्ट्राला हे चित्र अपरिचित नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी या बहुराज्यीय पतसंस्थेवर २०१५ साली अवसायक नेमला गेला, तेव्हा शेतमजुरापासून निवृत्त शिक्षकापर्यंत अनेकांची आयुष्याची पुंजी अडकून पडली.

अशा संस्थांमध्ये शिकलेल्या व्यवस्थापकांचा दुष्काळ होता काय? मुळीच नाही. शाखा होत्या, संगणक होते, दारोदार ठेवी गोळा करणारे प्रतिनिधी होते. उणीव होती ती सभासदाला हिशेब देण्याची. म्हणून व्यवस्थापकाला काय शिकवावे, या प्रश्नाआधी तो कोणाला जबाबदार राहणार, हा प्रश्न सोडवावा लागतो.

या उणिवेचे मूळ इतिहासात आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. ब्रिटिश सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आणला. मात्र या कायद्याने सहकाराची किल्ली सरकारी निबंधकाच्या हाती ठेवली. स्वातंत्र्यानंतर त्या किल्लीवर धनिक शेतकरी, साखरसम्राट आणि सत्ताधारी पक्षांच्या पुढाऱ्यांनी हात ठेवला. सभासद भागधारक झाला, मालक झाला नाही.

तरीही सहकाराकडे पाठ फिरविणे ही मार्क्सवाद्यांची भूमिका कधीच नव्हती. १८६४ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या उद्घाटनपर निवेदनात मार्क्सने सहकारी कारखान्यांचे स्वागत केले आणि त्याचबरोबर, तुटक प्रयत्नांनी मक्तेदारी मोडत नाही, असाही इशारा दिला. १९२३ साली लेनिनने सहकारावर लिहिताना जनतेला व्यवहार व हिशेब शिकविण्यावर भर दिला. सावकार महिना शेकडा पाच रुपये घेतो, तेव्हा दहा हजारांच्या कर्जावर वर्षाला सहा हजार व्याज होते. वार्षिक बारा टक्क्यांनी कर्ज देणाऱ्या पतसंस्थेत तेच व्याज बाराशे होते. उरलेले चार हजार आठशे कामगाराच्या घरात राहतात. संपाच्या काळात ही रक्कम लहान नसते.

तेव्हा प्रशिक्षणात तीन गोष्टी अटळ आहेत.

पहिली, पैशाचे भान. बँकांपेक्षा फार चढा व्याजदर ठेवीवर देणारी संस्था तो पैसा कोठे गुंतवून कमावते, हे व्यवस्थापकाला सांगता आले पाहिजे. जिल्हा बँकेतील किंवा नागरी सहकारी बँकेतील ठेवीला विमा महामंडळाचे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. हे वाक्य ठेवीच्या पावतीइतक्याच स्पष्टपणे प्रत्येक सभासदाला सांगणे, हे व्यवस्थापकाचे पहिले कर्तव्य होय.

दुसरी, कायद्याचे भान. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यानुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो, कलम ४९ अन्वये पगारातून हप्ता कापता येतो आणि कलम १०१ अन्वये वसुलीचा दाखला मिळतो. हीच कलमे गरीब कर्जदारावर बडगा म्हणून उगारायची आणि संचालकांच्या नातेवाइकांच्या थकबाकीकडे डोळेझाक करायची, हा पायंडा मोडला पाहिजे.

तिसरी, लोकशाहीचे भान. सर्वसाधारण सभा चहापाण्याचा समारंभ नव्हे. लेखापरीक्षणाचा अहवाल सभासदाला समजेल अशा मराठीत वाचून दाखविणे, मोठ्या कर्जदारांची व थकबाकीची यादी सभेपुढे ठेवणे आणि चुकीच्या कर्जावर सही करण्यास नकार देण्याचे बळ अंगी बाणविणे, हे वर्गात शिकविण्याचे विषय आहेत. सही नाकारणाऱ्या व्यवस्थापकाची नोकरी संचालकांच्या लहरीवर असेल, तर हे बळ पुस्तकातून येणार नाही. त्यासाठी कर्मचाऱ्यांची संघटना हवी.

केंद्र सरकारने २०२१ साली स्वतंत्र सहकार मंत्रालय काढले. २०२३ साली बहुराज्यीय संस्थांच्या कायद्यात दुरुस्ती करून निवडणूक प्राधिकरण व लोकपाल आणले आणि २०२५ साली आणंद येथे त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा कायदा केला. लोकपालाकडे तक्रार नेण्याचा मार्ग ठेवीदारांनी जरूर वापरावा. परंतु सहकार हा घटनेने राज्यांच्या सूचीत ठेवलेला विषय दिल्लीच्या मुठीत जात आहे, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. जयपूरचा ठेवीदार दाद मागण्यासाठी दिल्लीच्या निबंधकाकडे बोट दाखविलेले पाहतो, हा अनुभव ताजा आहे.

कामगार संघटना, किसान सभा आणि महिला संघटना यांच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या क्षेत्रातील पतसंस्थांचे ताळेबंद मागवावेत, ते वाचण्याचे वर्ग घ्यावेत आणि येत्या सर्वसाधारण सभेत तयारीने जावे. हिशेब वाचणारा सभासद तयार झाला, तरच प्रामाणिक व्यवस्थापक टिकेल आणि श्रमिकांचा पैसा श्रमिकांच्या कामी येईल.