पडद्याचा उशीर आणि खेळणाऱ्याचा हात

व्हिडिओ गेममध्ये बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम दिसेपर्यंत जो काळ जातो, त्यातील काही भाग पडदाच खर्च करतो. तयार चित्र हाती आल्यावर ते प्रत्यक्ष दाखवायला टीव्ही किंवा मॉनिटर जो वेळ लावतो, त्याला पडद्याचा विलंब म्हणतात. तो मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, मोजला जातो आणि इतका लहान असल्यामुळेच दुर्लक्षित राहतो.

श्रीगोंदा तालुक्यातील श्रोत्यांना ही बाब कुकडीच्या डाव्या कालव्यावरून चटकन उमगेल. जुन्नर तालुक्यातील येडगाव धरणातून आवर्तन सुटले, किती क्युसेकने सुटले हेही कळले, तरी शेतकऱ्याचा प्रश्न उरतोच की आपल्या चारीला पाणी पोचणार कधी. पडद्याचा रिफ्रेश दर, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलते तो आकडा, हा क्युसेकसारखा आहे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर १६.७ मिलिसेकंदांनी आणि १२० हर्ट्झच्या पडद्यावर दर ८.३ मिलिसेकंदांनी नवे चित्र येते, परंतु ते पोचेपर्यंत किती शिळे झाले, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

कालव्याचे पाणी वाटेतल्या तळ्यांत अडावे, तसे चित्र टीव्हीच्या आत अडते. रंग खुलवणे, कडा ठळक करणे आणि हालचाल सलग दिसावी म्हणून दोन चित्रांमध्ये तिसरे रचून घालणे ही कामे तेथे चालतात, आणि शेवटच्या कामासाठी तर पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे रोखून धरावेच लागते. चित्रपटात त्याने बिघडत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवता येतो. गेममध्ये मात्र खेळणाऱ्याचा हात मागे ठेवता येत नाही.

मैदानावर ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत येतो. तेवढ्याच अवधीत फटका साधायचा असलेल्या क्रिकेटच्या गेममध्ये पडद्याने १०० मिलिसेकंद घेतले, तर त्या अवधीचा पाचवा हिस्सा गेला. नेहमी सारखाच असणाऱ्या उशिराला हात काही अंशी सरावतो आणि बटण आधीच दाबू लागतो. पण पडदा बदलला की तोच सराव चुकीचा ठरतो.

येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. गेममध्ये दिसणारा पिंगचा आकडा म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ. पडद्याचा उशीर त्यात धरलेला नसतो. जाहिरातीतील ‘१ मिलिसेकंद’ हा आकडाही बहुधा ठिपक्याचा रंग पालटण्याचा असतो, चित्र पोचण्याचा नव्हे. पाणी सुटले म्हणजे पोचले असे तालुक्यात कोणी मानत नाही. मग टीव्ही घेताना मात्र क्युसेक पाहून समाधान मानणे आणि पुढे मुलाच्या हाताला किंवा नेटला दोष देणे योग्य नव्हे.

नवा संच घेण्यापूर्वी प्रत्येक घराने आधी आहे त्या टीव्हीतील ‘गेम मोड’ सुरू करावा. त्यात वरील बहुतेक प्रक्रिया वगळल्या जातात, विलंब बराच घटतो आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.