वराहपालन : गैरसमज आणि दक्षता



पोशेऱ्यासारख्या मोखाड्याच्या डोंगराळ गावी नागली-वरईच्या शेतीला जोडधंदा हवा, हे मी सांगावयास नको. वराहपालनाचे नाव काढताच पुष्कळजण नाक मुरडतात. परंतु पुरेशी जागा मिळाल्यास डुक्कर आपली निजावयाची जागा घाण करीत नाही. त्यास घाम फारसा येत नाही, म्हणून तो चिखल शोधतो. सावली व पाणी दिले की भागते. आपल्याकडील मुसळधार पावसासाठी गोठ्याचे जोते मात्र उंच हवे.

डुकरीण सुमारे 114 दिवसांनी विते. पिले थोड्याच दिवसांत आपापला सड ठरवून घेतात आणि दूध तुटेपर्यंत बहुधा तोच धरतात, हे पाहून नवशिका थक्क होतो. पहिल्या रात्री जागावे. आईच्या अंगाखाली पिले चिरडतात.

खरे भय निराळेच आहे. 2020 साली आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकी वराहज्वर भारतात प्रथम आढळला. त्यावर औषध नाही. म्हणून उष्टे-खरकटे अर्धा तास उकळल्यावाचून घालू नये, आणि आजारी जनावर बाजारात तर मुळीच नेऊ नये. एका घरचा लोभ साऱ्या गावाचे भांडवल बुडवितो, एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.